इरावती कर्वे आणि माणूस मोजायची गोष्ट: बर्लिनच्या कवट्यांपासून फेस अनलॉकपर्यंत



फोन तोंडासमोर धरला की लॉक उघडतं. आता त्यात कुणाला नवल वाटत नाही. त्याच फोनवर दुसऱ्या मिनिटाला एखादी लिंक येते: सेल्फी टाका, चेहऱ्यावरून तुमचा स्वभाव सांगतो. किंवा दहा प्रश्न सोडवा, तुमचा आयक्यू सांगतो. वरवर बघितलं तर सगळीकडे एकच काम चाललंय, माणसाला मोजून आकड्यात बसवायचं. पण फेस अनलॉक आणि ती लिंक यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज तो फरक मला एका मराठी बाईंच्या आयुष्यातून सांगायचाय. त्या म्हणजे इरावती कर्वे.

बऱ्याच जणांनी त्यांचं नाव 'युगान्त' या पुस्तकामुळे ऐकलेलं असतं. महाभारतातल्या माणसांवरचं हे पुस्तक १९६७ साली आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण इरावतीबाईंचा मूळ धंदा होता माणसं मोजण्याचा. डोक्याची लांबी, रुंदी, नाक, उंची, अगदी मेलेल्या माणसांच्या कवट्यासुद्धा.

मी शिरोळचा. आमच्या तालुक्यात कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, पलीकडं कर्नाटक लागतं, बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतं. इथं नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि दोन मिनिटांत ठरवून टाकतात की हा असा असणार. म्हणजे गटावरून माणूस ओळखायची खोड काही कॉम्प्युटरनं आणलेली नाही. तो तेच काम फक्त फार वेगानं करतो. म्हणून ही जुनी गोष्ट आजच्या पोरांनी वाचावी असं मला वाटतं.

नदीचं नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला, म्हणजे आजच्या म्यानमारमधला. वडील गणेश हरी करमरकर तिकडं नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचं नाव इरावती, तेच मुलीला ठेवलं. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढं रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या वाढल्या. पुस्तकांनी भरलेलं घर, आणि मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्या विषयांवर चर्चा. त्या काळात हे नशीबच म्हणायचं.

१९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या. लग्न झालं दिनकर कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. गंमत बघा, ज्या महर्षींनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं, त्यांना सुनेनं जर्मनीला जाऊन शिकावं हे पटलं नव्हतं. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिन: १४९ कवट्या आणि आधीच ठरलेलं उत्तर

बर्लिनमध्ये एक वर्षापूर्वीच एक मोठी संस्था सुरू झाली होती. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि 'सुप्रजनन' यांच्या अभ्यासाची कैसर विल्हेल्म संस्था. प्रमुख होते ऑयगेन फिशर. युरोपातले गोरे लोक बुद्धीनं आणि वंशानं वरचढ, असं मानणाऱ्यांतले ते एक मोठं नाव.

फिशरच्या डोक्यात एक कल्पना होती. माणसाची कवटी डावी-उजवीकडं अगदी सारखी नसते. त्याचं म्हणणं असं की गोऱ्या युरोपियनांत हा असमानपणा जास्त असणार, कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, आणि म्हणून त्यांची तर्कबुद्धी मोठी. हे मोजून दाखवायचं काम इरावतीबाईंच्या वाट्याला आलं. संस्थेत कवट्या होत्याच. काही युरोपातल्या, काही आफ्रिकेसारख्या ठिकाणच्या वसाहतींतून आणलेल्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. आजच्या भाषेत बोलायचं तर परवानगी न घेता गोळा केलेला डेटा.

असमानपणा म्हणजे काय ते घरबसल्या बघता येतं. समोरून काढलेला स्वतःचा फोटो घ्या, मधोमध कापा. डावी बाजू आरशासारखी उलटवून एक चेहरा बनवा, उजवी उलटवून दुसरा. दोघं तुमच्यासारखे दिसतील, पण एकमेकांसारखे नाही. सगळ्यांचंच असं असतं.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावीकडचं माप, उजवीकडचं माप, त्यातला फरक. मग वंशाप्रमाणं गट करून तुलना केली. निघालं काय? असमानपणा सगळीकडं आहे, पण त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. फिशरला हवं होतं ते उत्तर त्या आकड्यांत नव्हतंच.

इथं क्षणभर त्यांच्या जागी उभं राहून बघा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. हातात डॉक्टरेट देणारा माणूसच समोर बसलाय आणि त्याला कोणतं उत्तर हवंय ते सगळ्यांना माहीत आहे. चार-दोन मापं इकडची तिकडं करायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी तसं केलं नाही. जे निघालं तेच लिहिलं. फिशरनं त्यांना अगदी खालची श्रेणी दिली, असं त्यांच्या अलीकडच्या चरित्रात आलंय. पण डॉक्टरेट मिळाली.

पुढं काय झालं तेही माहीत असू द्या. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. ऑशविट्झच्या छळछावणीत माणसांवर प्रयोग करणारा योसेफ मेंगेले तिथून नमुने पाठवायचा ते याच संस्थेला. चुकीच्या मोजमापाची किंमत लाखो लोकांनी जीव देऊन मोजली. म्हणून त्या १४९ कवट्यांचा खरा निकाल लिहिणं ही छोटी गोष्ट नव्हती.

सरासरी कुठं फसवते

आता थोडं तंत्र समजून घेऊ. त्या काळी सगळ्यात गाजलेलं माप होतं शीर्ष-निर्देशांक. डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले १००. रुंदी १५ सेंटीमीटर आणि लांबी १९ सेंटीमीटर असेल तर उत्तर जवळपास ७९. या एका आकड्यावरून लोकांना 'लांब डोक्याचे' आणि 'रुंद डोक्याचे' अशा कप्प्यांत टाकलं जायचं.

भानगड कुठं आहे ते उदाहरणानं बघा. समजा दोन शाळा आहेत. पहिलीतल्या दहावीच्या पोरांची सरासरी उंची १६० सेंटीमीटर, दुसरीतल्या १६२. दुसऱ्या शाळेची पोरं उंच, असं कुणीही म्हणेल. पण दोन्हीकडं १४५ पासून १७८ पर्यंत सगळ्या उंचीची पोरं आहेत. आता मी एक १६५ सेंटीमीटरचा पोरगा तुमच्यासमोर उभा केला आणि विचारलं की हा कुठल्या शाळेतला, तर सांगता येईल? नाही येणार. सरासरीत दोन सेंटीमीटरचा फरक, आणि एकाच वर्गातल्या दोन पोरांत मात्र तीस सेंटीमीटरपर्यंत फरक.

माणसांच्या बहुतेक मापांचं असंच असतं. गटागटांतला फरक लहान, गटाच्या आतला फरक मोठा. त्यामुळं सरासरीवरून गटाबद्दल थोडंफार बोलता येतं, पण समोरच्या एका माणसाबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही.

महाराष्ट्र मोजला तेव्हा

परत आल्यावर काही वर्षं इरावतीबाई एसएनडीटी महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून लोक त्यांची आठवण सांगतात. पण त्यांचा बराच काळ गेला तो गावोगाव फिरण्यात. मोजमापाची साधनं पिशवीत घालून त्या महाराष्ट्रभर हिंडल्या, वेगवेगळ्या जातींच्या लोकांना बसवून मापं घेतली.

१९५१ साली इरावतीबाई आणि वि. म. दांडेकर यांचं महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवरचं पुस्तक डेक्कन कॉलेजानं छापलं. दांडेकर संख्याशास्त्राचे जाणकार. म्हणजे एकानं डेटा गोळा करायचा आणि दुसऱ्यानं गणित लावायचं, अशी आजच्या टीमसारखीच जोडी.

त्यांच्या कामातून एक महत्त्वाचा मुद्दा पुढं आला. एकाच नावाखाली येणाऱ्या जाती आतून एकसारख्या नसतात. सगळे कुंभार म्हणजे एक गट, सगळे ब्राह्मण म्हणजे एक गट, असं आपण धरून चालतो. मापं तसं सांगत नव्हती. त्यावरून इरावतीबाईंनी मांडलं की एका मोठ्या जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या असं नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे छोटे गट एका धंद्याच्या नावाखाली एकत्र मोजले गेले. हे त्यांच्या गुरूंच्या, म्हणजे घुर्यांच्या मताच्या उलट होतं. १९६८ साली के. सी. मल्होत्रांबरोबर त्यांनी आठ ब्राह्मण गटांची तुलना करून हाच मुद्दा पुन्हा तपासला.

म्हणजे आधी जर्मन गुरूला आकडे दाखवले, मग मुंबईच्या गुरूला. लेबल एक असलं म्हणून आतला माल एक असतो असं नाही, हे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या.

'अंतर' मोजायचं गणित, जे आजही चालतं

दोन गट किंवा दोन माणसं एकमेकांपासून किती वेगळी, हे एका मापावरून ठरवता येत नाही. दहा मापं असतील तर ती एकत्र कशी करायची? याचं उत्तर एका भारतीयानं दिलं, आणि त्याची सुरुवात झाली आपल्या नागपुरात. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेसचं अधिवेशन होतं. तिथं प्रशांतचंद्र महालनोबिस यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी पडली. अ‍ॅनंडेल यांच्याकडं कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं होती, ती त्यांनी महालनोबिसांना तपासायला दिली. त्या कामातून पुढं जे सूत्र तयार झालं ते १९३६ साली प्रसिद्ध झालं. त्याला आज 'महालनोबिस अंतर' म्हणतात.

कल्पना सोपी आहे. १८० सेंटीमीटर उंची, काही विशेष नाही. ४५ किलो वजन, तेही विशेष नाही. पण १८० सेंटीमीटर उंच माणसाचं वजन ४५ किलो असेल तर? लगेच डोळ्यात भरतं. कारण उंची आणि वजन जोडीनं वाढतात. हे सूत्र प्रत्येक माप वेगळं न बघता मापांचं एकमेकांशी नातं लक्षात घेऊन अंतर काढतं. आज मशीन लर्निंगमध्ये गर्दीपासून वेगळी पडलेली नोंद शोधायला हे सूत्र वापरतात.

तुमचा फोनही 'अंतर'च मोजतो. चेहऱ्याची एक आकड्यांची यादी तो बनवतो. काही महाग फोन डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकून नाक-गालांची खोलीही मोजतात. मग आत्ताची यादी आणि साठवलेली यादी यांतलं अंतर काढायचं. ते ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर लॉक उघडतं. प्रश्न एकच: हा तोच माणूस आहे का? या प्रश्नाचं उत्तर बरोबर की चूक हे तपासता येतं. मित्राच्या तोंडासमोर फोन धरा, उघडला नाही तर बरोबर.

मग बुद्धी आणि स्वभाव?

'सेल्फीवरून स्वभाव सांगतो' म्हणणाऱ्या लिंकचा प्रश्न वेगळा असतो. हा माणूस आतून कसा आहे? म्हणजे नाका-डोळ्यांच्या मापावरून मनावर उडी. फिशरनं कवटीवरून तर्कबुद्धीवर मारली तीच उडी, फक्त इथं कवटीच्या जागी कॅमेरा आलाय.

ही उडी त्याच्याही आधी मारून झाली होती. १८८४ साली लंडनच्या एका प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी मोजमापाची प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स द्या आणि उंची, हाताचा जोर, नजर, ऐकू येण्याची मर्यादा मोजून घ्या. हजारो लोकांनी मोजून घेतलं. अशा मापांतून बुद्धीचा अंदाज येईल ही गाल्टन यांची आशा होती, ती फळाला आली नाही.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी डोकं मोजायचं सोडून प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९०५ साली थिओडोर सिमोन यांच्यासोबत त्यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. हेतू साधा होता. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखायची आणि त्यांना जास्त मदत द्यायची. बुद्धी जन्मभर एकाच आकड्यावर अडकते हे बिने यांना मान्य नव्हतं. १९११ साली ते गेले, आणि अमेरिकेत त्याच चाचणीतून माणसांना वर-खाली लावणारा आयक्यू आला.

आपल्याकडं धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणीचं मराठी आणि कन्नड रूप तयार केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. हे नुसतं भाषांतराचं काम नसतं. पॅरिसच्या पोराला जी वस्तू रोज दिसते ती आपल्याकडच्या पोरानं बघितलेलीच नसेल, तर चुकलेलं उत्तर बुद्धीबद्दल काय सांगणार? चाचणी कुणावर बसवून बघितली, हे विचारल्याशिवाय तिच्या आकड्याला अर्थ नाही.

मशीनचंही तेच. २०१८ साली जॉय बुओलमविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या सिस्टिम तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत. गणित सगळ्यांना एकच लावलेलं, पण ज्यांचे फोटो शिकवताना कमी होते त्यांच्या वाट्याला चुका जास्त.

डोकी मोजता मोजता

इरावतीबाईंबद्दल सगळं गोड गोड लिहायचं नाही मला. बर्लिनची विद्या त्यांनी पूर्ण टाकली नाही. जाती समजून घ्यायला शरीरं मोजायची, ही पद्धत त्यांनी पुढंही चालू ठेवली. फिशरच्या निष्कर्षाला नाही म्हटलं, पण त्याचं हत्यार हातात ठेवलं, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतलाय. आक्षेप रास्त आहे.

पण त्यांची नजर शरीरावर थांबली नाही हेही तितकंच खरं. नातेसंबंध, वारी, भाषा, ओव्या या सगळ्यांतून त्या माणसं वाचत राहिल्या. मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली छापली गेली. इथं मोजायचा प्रश्नच बदलला होता. डोकं किती रुंद यापेक्षा घर गेलं का, जमीन कुठं मिळाली, संसार परत उभा राहिला का, हे विचारलं. शिरोळच्या माणसाला ते पुस्तक लांबचं नाही वाटत. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग किती क्युसेक झाला हे आम्ही सगळेच फोनवर बघत असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं ती सवयच लावली. त्या आकड्यामागं कुठंतरी उठलेली गावं आहेत, हे त्या पाहणीनं नोंदवून ठेवलं.

११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या.

लिंक उघडण्याआधी तीन प्रश्न

एखादं अ‍ॅप तुम्हाला मोजतो म्हणालं की हे तपासा.

पहिला: नेमकं काय मोजलं आणि त्यावरून काय सांगितलं? चेहरा मोजून 'तोच माणूस' म्हणणं ठीक. चेहरा मोजून 'हुशार', 'आळशी', 'भरवशाचा' म्हणणं ही उडी आहे.

दुसरा: आकडा माझा आहे की माझ्या गटाच्या सरासरीचा? गाव, आडनाव, भाषा किंवा वय यांवरून तुमच्याबद्दल काही ठरवलं जात असेल, तर दोन शाळांचं उदाहरण आठवा.

तिसरा: उत्तर चुकलं तर ते कळायची आणि दुरुस्त करायची काही सोय आहे का? नसेल तर त्याला मोजमाप म्हणू नका. आणि तसल्या करमणुकीसाठी आपला फोटो आणि माहिती देताना दहादा विचार करा.

उद्या तुमच्यापैकी कुणीतरी असंच अ‍ॅप बनवणाऱ्या टीममध्ये बसलेलं असेल. डेटा एक सांगत असेल आणि साहेबांना दुसरंच हवं असेल. तेव्हा बर्लिनमध्ये कर्ज काढून शिकणारी तेविशी-चोविशीतली एक मराठी मुलगी आठवा. तिनं जे मोजलं तेच लिहिलं.